सूर क्षणात ओळखायचा कसा: गळा, तंबोरा आणि तबला यांच्यासाठी पद्धत निवडताना

सोलापूरच्या पूर्व भागात माझ्या ताईचा गाण्याचा क्लास आहे. वरच्या मजल्यावर खोली, खाली अरुंद गल्ली आणि गल्लीपलीकडे यंत्रमाग. विद्यार्थी गाताना त्याचा सूर षड्जापासून किती वर, किती खाली आहे हे पडद्यावर लगेच दिसावं, एवढीच तिची मागणी होती. मी एक तयार कोड उचलला, फोनला जोडला आणि तिच्यासमोर ठेवला. तिने षड्ज लावला, रेघ सरळ आली. पंचम लावला, आणि रेघ धाडकन खाली खर्जावर जाऊन बसली.

"हे काय दाखवायलंय रे? मी पंचम लावलाय," ताई म्हणाली.

कोडमध्ये चूक नव्हती. कोपऱ्यात इलेक्ट्रॉनिक तंबोरा मुलांच्या पट्टीत, काळी एकला, सुरू होता आणि माइकला दोन्ही आवाज एकत्र मिळत होते. षड्ज १३८.६ हर्ट्झ, पंचम २०७.९ हर्ट्झ. या दोघांची मिळून जी लाट तयार होते ती सेकंदाला ६९.३ वेळाच पुन्हा तशीच येते, आणि ६९.३ म्हणजे नेमका खर्ज. प्रोग्रॅमने विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं होतं. प्रश्नच चुकीचा होता. सूर ओळखायच्या पद्धतींची तुलना करताना ही गोष्ट आधी समजून घ्यावी लागते: प्रत्येक पद्धत वेगळा प्रश्न विचारते. कुणी विचारतं, "लाट किती वेळाने पुन्हा तशीच होते?" कुणी विचारतं, "कुठल्या वारंवारतेवर किती ऊर्जा आहे?" एकट्या गळ्याच्या बाबतीत दोन्ही उत्तरं जुळतात. तंबोऱ्यात, तबल्यात, पेटी आणि गळा एकत्र असताना ती फुटतात.

कोड उघडण्याआधी

तीन गोष्टी कागदावर लिहा. सर्वांत खालचा सूर कोणता, उत्तर किती लवकर हवं, आणि एका वेळी किती आवाज माइकपर्यंत येणार.

पहिल्या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. पुरुषाची पट्टी काळी एक धरली तर मध्य षड्ज १३८.६ आणि खर्जाचा षड्ज ६९.३ हर्ट्झ. त्याचं एक आवर्तन १४.४ मिलिसेकंदांचं. लाट पुन्हा तशीच झाली की नाही हे ठरवायला निदान दोन आवर्तनं ऐकावी लागतात, म्हणजे जवळजवळ २९ मिलिसेकंद. कितीही महाग फोन घ्या, कितीही हुशार कोड लिहा, ही मुदत कमी होत नाही. ताईची स्वतःची पट्टी काळी चार, षड्ज २०७.७ हर्ट्झ. तिचा मंद्र पंचम १५५.७ वर येतो आणि दोन आवर्तनं १३ मिलिसेकंदांत संपतात. एकाच क्लासमध्ये मुलींसाठी चपळ आणि मुलांसाठी जरा सुस्त अशी सेटिंग ठेवणं म्हणूनच योग्य ठरतं. प्रोग्रॅमला पट्टी आधी विचारायला लावा आणि शोधाची खालची हद्द त्यावरून ठरवा. माझ्या कामात सर्वांत जास्त फरक या एका गोष्टीने पडला.

अचूकता किती हवी हेही ठरवा. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो आणि तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार ३८६ वर. फरक १४ सेंटचा. गाणं शिकणाऱ्याला हा फरक दिसला पाहिजे, नाहीतर यंत्र त्याला पेटीचाच गंधार पक्का करून देईल. म्हणून माझी अट अशी: चूक पाच सेंटच्या आत.

माइक आणि सॅम्पल: इथे बहुतेकांची गाडी अडते

ब्राउझरमध्ये किंवा फोनवर माइक उघडला की तीन सोयी बहुतेक वेळा आपोआप चालू असतात: प्रतिध्वनी कमी करणं, गोंगाट कमी करणं आणि आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करणं. बोलण्यासाठी त्या चांगल्या, गाण्यासाठी घातक. लांबवलेला षड्ज म्हणजे पंख्याची घरघर असं समजून गोंगाट काढणारा भाग तो हळूहळू पुसून टाकतो. तिन्ही बंद करा. बंद झाल्या की नाहीत हे पाहायला एक स्वर दहा सेकंद लांबवा. पातळी स्थिर राहिली पाहिजे.

दुसरी तपासणी सॅम्पलिंगच्या दराची, म्हणजे फोन सेकंदाला लाटेची उंची किती वेळा मोजतो त्याची. असं एक मोजमाप म्हणजे एक सॅम्पल. एका विद्यार्थ्याच्या फोनवर सगळेच स्वर सुमारे १४७ सेंट खाली दिसत होते. दोन दिवस मी गणितात चूक शोधत बसलो. फोन सेकंदाला ४८,००० सॅम्पल देत होता आणि माझ्या कोडमध्ये ४४,१०० लिहिलेलं होतं. या दोन आकड्यांतलं अंतर सेंटमध्ये मोजलं की बरोबर १४७ येतं. दर कधीही हाताने लिहू नका, यंत्राला विचारा. आणि तुमचे सगळे स्वर दीडशे सेंटच्या आसपास सरकलेले दिसले तर थेट इथेच या.

तिसरी गोष्ट विजेची गुणगुण. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून चार्जर लावलेल्या लॅपटॉपमध्ये ५०, १००, १५० हर्ट्झची बारीक कुजबुज शिरते. खोली शांत असली की प्रोग्रॅम मोठ्या विश्वासाने ५० हर्ट्झचा सूर दाखवतो. चार्जर काढून बघा, लगेच कळतं. खर्ज ६९ वर असल्याने तिथे फिल्टर लावून ५० कापणं अवघड जातं. बायकांच्या आवाजासाठी मात्र १०० हर्ट्झच्या खालचं सगळं बेलाशक कापा.

ब्लूटूथ हेडफोन वापरू नका. त्याचा उशीर बहुतेक वेळा शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जातो. मग पद्धतीत दहा मिलिसेकंद वाचवण्याला अर्थ उरत नाही.

शून्य ओलांडण्यापासून यिनपर्यंत

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे लाट शून्य रेघ सेकंदाला किती वेळा खालून वर ओलांडते ते मोजणं. शुद्ध साइन लाटेवर ती उत्तम चालते. गळ्यावर 'आ' म्हटलं की एका आवर्तनात तीन-चार वेळा रेघ ओलांडली जाते आणि आकडे नाचू लागतात. बासरीसारख्या कमी पार्शल असलेल्या वाद्यावर, आधी चांगला फिल्टर लावून, काम भागतं. यापलीकडे तिच्यावर वेळ घालवू नका.

पार्शल म्हणजे एका स्वराच्या पोटात असलेले साधे स्वर. १३८.६ चा षड्ज गायला की २७७.२, ४१५.८, ५५४.४ असे त्याच्या पटीतले स्वरही त्यात असतात. पटीत असले की त्यांना संनादी म्हणतात. तबल्याचे, घंटेचे सगळेच पटीत असतील असं नाही.

ऑटोकोरिलेशनमध्ये लाटेची एक प्रत काढायची, ती एकेक सॅम्पल सरकवत मूळ लाटेशी गुणायची आणि बेरीज सर्वांत मोठी कुठे येते ते पाहायचं. एका आवर्तनाएवढं सरकवलं की दोन्ही लाटा पुन्हा एकमेकींवर बसतात. अडचण अशी की दोन आवर्तनं सरकवलं तरी बसतात, तीन सरकवलं तरी बसतात. म्हणून ही पद्धत एक सप्तक खाली घसरते. दुसरा पार्शल जोरदार असेल तर अर्ध्या आवर्तनावरही मोठं शिखर येतं आणि ती सप्तकभर वर उडी मारते.

अलेन द शेवेन्ये आणि हिदेकी कावाहारा यांनी २००२ मध्ये मांडलेली यिन पद्धत हा घोळ बऱ्याच अंशी मिटवते. मी क्लाससाठी तीच वापरतो, म्हणून तिच्या पायऱ्या नीट सांगतो.

पहिल्या पायरीत गुणाकाराऐवजी वजाबाकी करायची: मूळ लाट वजा सरकवलेली लाट, त्याचा वर्ग, सगळ्याची बेरीज. आवर्तन जुळलं की ही बेरीज शून्याजवळ येते, म्हणजे आता शिखराऐवजी खळगा शोधायचा. लाट जितके सॅम्पल सरकवली तो आकडा म्हणजे सरक. दुसऱ्या पायरीत प्रत्येक सरकेची बेरीज त्याआधीच्या सगळ्या सरकांच्या सरासरीने भागायची. यिनचं खरं बळ या भागाकारात आहे. सरक शून्य असताना फरक शून्यच असतो, तो खोटा खळगा यामुळे नाहीसा होतो; आलेख एकपासून सुरू होतो आणि पहिल्या खऱ्या आवर्तनावर खाली पडतो. तिसऱ्या पायरीत उंबरठा ठेवायचा. मूळ लेखात तो ०.१ आहे, मागांच्या आवाजात मी ०.१५ ठेवतो. लहान सरकेकडून मोठ्या सरकेकडे जात राहायचं, आणि उंबरठ्याच्या खाली गेलेल्या पहिल्याच खळग्याच्या तळाशी थांबायचं. सर्वांत खोल खळगा शोधायचा नाही, पहिला पुरेसा खोल खळगा घ्यायचा. सप्तकभर खाली घसरणं इथे थांबतं.

चौथी पायरी अनेक जण गाळतात, आणि मग गंधार कधीच जुळत नाही. ४४,१०० च्या दराने ताईचा तार षड्ज ४१५.३ हर्ट्झ म्हणजे १०६.२ सॅम्पलचं आवर्तन. तुम्ही फक्त १०६ किंवा १०७ निवडू शकता, आणि या दोघांत १६ सेंटचं अंतर आहे. १४ सेंटचा फरक दाखवायचा आहे आणि मोजपट्टीची खूणच १६ सेंटची! उपाय सोपा. खळग्याच्या तळाची किंमत आणि तिच्या डाव्या-उजव्या शेजारच्या किमती घ्या, तिघांतून एक परवलय काढा, त्याचा तळ हे खरं उत्तर. हिशेब असा: डावी वजा उजवी, याला भागायचं "डावी, वजा मधलीची दुप्पट, अधिक उजवी" याच्या दुपटीने. येणारा अपूर्णांक सरकेत मिळवा. मग सॅम्पलचा दर भागिले सरक म्हणजे वारंवारता.

शेवटी तळाची खोली टाकून देऊ नका. ०.०२ म्हणजे स्वच्छ स्वर, ०.३ म्हणजे श्वास, 'स', किंवा दोन आवाजांची सरमिसळ. पडद्यावर रेघेचा रंग मी या आकड्यावर बांधला आहे: खात्री कमी झाली की रेघ फिकट होत जाते आणि पुढे दिसतच नाही. चुकीचा सूर दाखवण्यापेक्षा काहीच न दाखवणं विद्यार्थ्यासाठी जास्त प्रामाणिक आहे.

आकडे हवे असतील तर हे घ्या. पुरुषांसाठी खालची हद्द ६५ हर्ट्झ, म्हणून सरक ६८० सॅम्पलपर्यंत, बेरजेसाठी १०२४ सॅम्पल. एकूण १७०४ सॅम्पल, ३८.६ मिलिसेकंद. बायकांसाठी हद्द १३० हर्ट्झ, सरक ३४०, बेरीज ६८०; एकूण २३ मिलिसेकंद. दर २५६ सॅम्पलनी नवा हिशेब, म्हणजे सेकंदाला १७२ वेळा. साध्या पद्धतीने लिहिलं तर पुरुषांच्या सेटिंगमध्ये सेकंदाला सुमारे १२ कोटी गुणाकार होतात. लॅपटॉपला ते जड नाहीत, जुन्या फोनला होतात. तिथे हीच बेरीज एफएफटीच्या (लाटेतल्या वारंवारता झटपट वेगळ्या काढणाऱ्या गणिताच्या) मदतीने काढा, उत्तर तेच येतं आणि काम कित्येक पटींनी कमी होतं.

एमपीएम आणि यिन शेजारी ठेवून

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या फिलिप मॅकलाउड आणि जेफ वायव्हिल यांनी २००५ मध्ये मांडलेली एमपीएम ही यिनची जवळची नातलग. यातही फरकाचे वर्गच, पण त्यांना त्या-त्या वेळच्या ऊर्जेने भागून उत्तर उणे एक ते अधिक एक यांत बसवलेलं असतं. इथे शिखरं शोधायची: सर्वांत उंच शिखर घ्या, त्याच्या सुमारे ०.९ पट उंचीची रेघ आखा आणि तिच्या वर गेलेलं पहिलं शिखर निवडा. उंबरठा आवाजाप्रमाणे आपोआप हलतो, हा तिचा मोठा फायदा. दोन आवर्तनांत तिचं भागतं, म्हणून खर्जात ती यिनपेक्षा थोडी लवकर बोलते.

मग मी यिन का ठेवली? मागांच्या खडखडाटात सगळीच शिखरं बुटकी होतात, आणि त्यांतल्या सर्वांत उंच शिखराच्या ०.९ पट रेघ आखली की एमपीएम काहीतरी निवडतेच. यिनचा उंबरठा ठाम असल्याने ती गप्प राहते. शांत खोलीत, व्हायोलिन किंवा सारंगीच्या रियाजासाठी मी एमपीएम सुचवेन. एमपीएमच्या शिखराच्या उंचीवर वेगळा ठाम उंबरठा लावला तर दोघींत फारसा फरक उरत नाही.

२०१४ मध्ये माथियास माउख आणि सायमन डिक्सन यांनी मांडलेली पी-यिन अनेक उंबरठ्यांवर मिळालेली उत्तरं घेऊन सर्वांत शक्य वाट शोधते. रेकॉर्ड केलेल्या गाण्याच्या अभ्यासाला ती अप्रतिम आहे. पण ती पुढचं ऐकून मागचं दुरुस्त करते, त्यामुळे थेट वापरात तिला जाणूनबुजून उशीर द्यावा लागतो.

एफएफटीला कप्पे असतात

"एफएफटी काढा, सर्वांत उंच शिखर घ्या, तोच सूर" असं पुष्कळ ठिकाणी सांगितलं जातं. यात दोन चुका आहेत.

पहिली चूक कप्प्यांची. ४४,१०० च्या दराने ४०९६ सॅम्पल घेतले तर एक कप्पा १०.८ हर्ट्झचा होतो. काळी एकच्या षड्जाजवळ तेवढं अंतर म्हणजे सुमारे १३० सेंट. षड्ज की कोमल ऋषभ, हेसुद्धा त्या कप्प्यातून कळत नाही, आणि एवढ्यासाठी ९३ मिलिसेकंद थांबावं लागलं ते वेगळंच.

दुसरी चूक जास्त खोल आहे. सर्वांत जोरदार पार्शल हा मूळ सूर असेलच असं नाही. पुरुषाच्या 'आ'मध्ये कितीदा चौथा-पाचवा पार्शल पहिल्यापेक्षा जोरदार असतो. फोनच्या छोट्या स्पीकरमधून ६९ हर्ट्झ बाहेरही पडत नाही, तरी कानाला खर्ज ऐकू येतो, कारण कान पार्शलमधल्या अंतरावरून मूळ ओळखतो.

हार्मोनिक प्रॉडक्ट स्पेक्ट्रम ही पद्धत या दुसऱ्या चुकीवर उपाय करते: आलेख दोन, तीन, चार पटीने आवळून एकमेकांशी गुणायचे, जिथे सगळे पार्शल एकावर एक बसतात तिथे मूळ सूर. पार्शल भरपूर असतील तर छान, एखादा गायब असेल तर गुणाकारच कोसळतो. सेप्स्ट्रम ही १९६७ मध्ये मायकेल नॉल यांनी बोलण्याच्या आवाजासाठी मांडलेली पद्धत. ती आलेखातल्या पार्शलच्या एकसारख्या अंतरावर जगते, म्हणून बासरीसारख्या जवळजवळ एकाच पार्शलच्या आवाजात तिला धरायला काही मिळत नाही. एकट्या गळ्यासाठी यिन असताना या दोघींची गरज मला पडली नाही.

पार्शल शोधायचे असतील तर

तंबोरा जुळवताना मात्र यिनचं काम संपतं. तिथे एकच आकडा नको असतो. आत काय काय वाजतंय ते हवं असतं. आणि घाई नसते, हे महत्त्वाचं. तार छेडली की ती कित्येक सेकंद वाजते, मग ८१९२ सॅम्पलची विंडो (एका वेळी तपासायचा तुकडा), १८६ मिलिसेकंद, सहज परवडते. कप्पा ५.४ हर्ट्झचा होतो.

विंडोला हॅन आकार द्या, म्हणजे दोन्ही टोकं शून्याकडे उतरती. त्यामुळे शेजारच्या पार्शलचा सांडलेला आवाज कमी होतो, पण प्रत्येक शिखर चार कप्पे रुंद होतं. दोन पार्शल सुटे दिसायला त्यांच्यात निदान तेवढं अंतर हवं, म्हणजे इथे सुमारे २२ हर्ट्झ. खर्जाचे पार्शल ६९ हर्ट्झच्या अंतराने येतात, तेव्हा ती अडचण नाही.

मग शेजाऱ्यांपेक्षा उंच असलेले कप्पे निवडा आणि सर्वांत उंच शिखरापेक्षा ५० डेसिबलहून जास्त खाली असलेले सोडून द्या. नेमकी वारंवारता काढायला दोन वाटा आहेत. एक तीच परवलयाची, फक्त उंची डेसिबलमध्ये घेऊन. दुसरी कलेची (कला म्हणजे लाट आपल्या आवर्तनात कुठवर आली आहे ते), आणि मला ती जास्त भरवशाची वाटते. एका विंडोनंतर २०४८ सॅम्पलनी दुसरी विंडो घ्या. त्या कप्प्याच्या मधोमध असलेला स्वर एवढ्या वेळात किती कला पुढे गेला असता ते माहीत असतं. प्रत्यक्षात किती गेली ते मोजा, फरक उणे π ते अधिक π यांत गुंडाळा, आणि त्यावरून स्वर कप्प्याच्या मध्यापासून किती सरकला आहे ते काढा. विंडोच्या एक चतुर्थांश पावलाने चाललं तर दोन कप्प्यांपर्यंतचा सरकाव बिनचूक कळतो. स्थिर तारेवर चूक सेंटच्या अंशात येते.

शिखरं मिळाली तरी ती अजून सुटे ठिपके आहेत. त्यांची साखळी करावी लागते. रॉबर्ट मॅकॉले आणि थॉमस क्वाटिएरी यांनी १९८६ मध्ये मांडलेली रीत आजही पुरते: या वेळचं प्रत्येक शिखर मागच्या वेळच्या सर्वांत जवळच्या शिखराशी जोडायचं, फार दूर असेल तर नवी साखळी सुरू करायची, जोडीदार न मिळालेली साखळी संपवायची. मी तीन वेळा टिकलेलीच साखळी खरी धरतो. मागाचा ठोका एक-दोन विंडोंत विरतो, त्यामुळे त्याची शिखरं आपोआप गळतात.

हे सगळं स्वतः लिहायचं नसेल तर प्युअर डेटा या मोफत प्रोग्रॅममध्ये मिलर पकेट यांचा सिगमंड नावाचा भाग आहे. तो सूरही देतो आणि पार्शलच्या साखळ्याही. शिकण्यासाठी माझ्या मते याहून चांगली सुरुवात नाही.

आता मिरजेचा एक तंबोरा घ्या, काळी एकला लावलेला. फक्त खर्जाची तार छेडा. पडद्यावर ६९.३, १३८.६, २०७.९, २७७.२ आणि पाचवा ३४६.५. हा पाचवा म्हणजेच स्वयंभू गंधार, कुणीही न वाजवता आलेला. तार जिथे छेडतो तिथे ज्या पार्शलचा स्थिर बिंदू पडतो तो खरं तर वाजायला नको; तंबोऱ्यात घोडीच्या वक्र पाठीला तार घासत असल्याने तोही वाजतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच नोंदवलं होतं. जवारीचा दोरा, म्हणजे घोडीवर तारेखाली असतो तो, थोडा पुढे-मागे करा आणि वरचे पार्शल उजळताना, मावळताना पाहा. जवारी नीट बसली की आघातानंतर उजळ पट्टा वरून खाली सावकाश उतरत येतो. ताईने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिने डोळे मिटून दोरा हलवला आणि डोळे उघडून पडद्याकडे पाहिलं. दोरा तिने कानाने जिथे थांबवला होता, तिथेच पट्टा सर्वांत लांब होता.

जोड जुळवणं: जिथे कुठलीच विंडो पुरत नाही

मधल्या दोन तारा, म्हणजे जोड, एकमेकींशी मिळवताना फरक अगदी बारीक असतो. समजा एक १३८.६ आणि दुसरी १३८.९. हा ०.३ हर्ट्झचा फरक शिखरं वेगळी करून पाहायचा म्हटलं तर अनेक सेकंदांची विंडो लागेल. इथे पद्धत बदला. दोन्ही तारा एकत्र वाजवा आणि एकाच पार्शलची उंची वेळेबरोबर कशी फुगते, ओसरते ते पाहा. मूळ सुरात हा विस्पंद ३.३ सेकंदांना एकदा येईल, तोवर तार विझू लागते. पण पाचव्या पार्शलवर हाच फरक पाचपट, १.५ हर्ट्झ होतो, दोन सेकंदांत तीन हेलकावे. म्हणून ६९३ हर्ट्झवर एकच अरुंद फिल्टर बसवा. एकाच वारंवारतेची ताकद मोजणारं गोर्ट्झेलचं १९५८ चं सूत्र यासाठी पुरेसं हलकं आहे, पूर्ण एफएफटीची गरजही नाही. हेलकावे मोजा, पाचाने भागा, फरक मिळाला. मणका कुठल्या बाजूला सरकवायचा हे मात्र आकडा सांगत नाही. थोडा सरकवा, हेलकावे मंदावले तर दिशा बरोबर.

तबला

साध्या गोल चामड्याचे पार्शल १, १.५९, २.१४, २.३० अशा बेसूर पटींत येतात. शाईमुळे ते १, २, ३, ४, ५ च्या जवळ येतात. रामन यांनी हे १९२० मध्ये दाखवलं. पण 'ना' वाजवताना अनामिका पुडीवर टेकलेली असते, त्यामुळे मूळ कंपन दबतं आणि दुसरा-तिसरा पार्शल पुढे येतो. यिन अशा वेळी कधी एक उत्तर देते, कधी दुसरं. तबला लावताना मी पार्शलचीच वाट धरतो: आघातानंतरचे पहिले ३० मिलिसेकंद सोडून द्या, मग ४०९६ ची विंडो, आणि दुसऱ्या पार्शलची वारंवारता मोजून ती षड्जाशी ताडून पाहा. पुडीच्या कडेच्या प्रत्येक भागावर, म्हणजे प्रत्येक घरावर, एकसारखा ठोका देऊन तोच आकडा येतो का ते तपासा.

न्यूरल नेटवर्क

२०१८ ची क्रेप ही पद्धत १६,००० च्या दराने १०२४ सॅम्पल, म्हणजे ६४ मिलिसेकंद ऐकते आणि २० सेंटच्या अंतरावरच्या ३६० जागांपैकी सूर कुठे आहे ते सांगते. शेजारच्या जागांची सरासरी घेऊन ते आणखी बारीक करता येतं. गोंगाटात ती यिनपेक्षा सरस ठरते. पण स्वस्त फोनवर ती धापा टाकते. क्लासमध्ये दहा वेगवेगळे फोन येतात, म्हणून मी ती सोडली. माग थांबत नसतील आणि लॅपटॉप चांगला असेल तर जरूर वापरून पाहा.

गमकाला धक्का न लावता रेघ मऊ करणं

आकडे थोडे थरथरतात. त्यांची सरासरी काढू नका. एकच सप्तकभराची चूक सगळी सरासरी ओढून नेते. पाच आकडे क्रमाने लावून मधला घ्या. दोन चुकीचे आले तरी मधला बरोबर राहतो, आणि उशीर फक्त दोन पावलांचा, १२ मिलिसेकंदांचा.

यापेक्षा जास्त मऊपणा नको. सेकंदाला सहा हेलकाव्यांच्या गमकात एक हेलकावा १६७ मिलिसेकंदांचा. ढोबळ हिशेबाने ४६ मिलिसेकंदांच्या विंडोत त्याची खोली आठव्या हिश्शाने कमी दिसते, आणि ९३ मिलिसेकंदांच्या विंडोत जवळजवळ निम्मीच उरते. विद्यार्थी गमक बरोबर घेतोय आणि पडदा त्याला उथळ म्हणतोय, हा अन्याय विंडोच्या लांबीमुळे होतो.

खऱ्या माणसासमोर ठेवण्याआधी

पाच आवाज तयार करून ठेवा आणि कोडमध्ये एक अक्षर बदललं तरी ते पुन्हा चालवा. १३८.६ ची शुद्ध साइन. मग तोच सूर, पण पहिला पार्शल काढून टाकलेला, दुसरा ते सहावा तेवढा ठेवलेला. उत्तर तरीही १३८.६ आलं पाहिजे. तिसरा, एका सेकंदात षड्जापासून पंचमापर्यंत जाणारी मींड. रेघ पायऱ्या न पाडता गेली पाहिजे. चौथा, नुसता गोंगाट. प्रोग्रॅम गप्प राहिला पाहिजे. मी खिडकी उघडून मागांचा एक मिनिट रेकॉर्ड केला आहे, तोच वापरतो. पाचवा, षड्जाचा तंबोरा आणि त्यावर पंचम.

हा पाचवा आवाज यिन कधीच पास होणार नाही, हे मी आता मान्य केलं आहे. म्हणून उपाय कोडमध्ये न करता खोलीत केला. तंबोरा विद्यार्थ्याच्या तारवाल्या हेडफोनमध्ये दिला, एक कान उघडा ठेवून, म्हणजे त्याला स्वतःचा आवाजही ऐकू येतो. माइक तोंडापासून साठ सेंटिमीटरवर होता तो पंधरावर आणला. अंतर निम्मं झालं की आवाज सहा डेसिबलने वाढतो, इथे ते दोनदा निम्मं झालं, म्हणजे बारा डेसिबल. दुसऱ्या दिवशी ताईने पुन्हा पंचम लावला. रेघ ७०२ सेंटवर आली आणि तिथेच राहिली. मग तिने गंधार लावला, पेटीकडे न बघता. ३८७.